जामीन मंजूर, पण सुटका नाही: जामीनदार नसेल तर इंदूरच्या कोर्टात काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या रामबागेतल्या एका कुटुंबाकडे पोळ्यांना येणाऱ्या बाईंचा २० वर्षांचा मुलगा मोबाईल चोरीच्या प्रकरणात पकडला गेला. मॅजिस्ट्रेटने २५ हजारांची जमानत (जामीनदाराची हमी) आणि तेवढाच जातमुचलका (आरोपीची स्वतःची लेखी हमी), यावर जामीन दिला. त्याला १९ दिवस झाले, मुलगा आतच आहे. घर भाड्याचं. मामाची खरगोनकडे थोडी शेती आहे, पण ‘बाहेरच्या जिल्ह्याची पावती (जमिनीची पुस्तिका) चालत नाही’ असं सांगून त्याला परत पाठवलं. कोर्टाबाहेर एक जण ८ हजारांत जामीनदार उभा करून देतो म्हणतोय. ते पैसे द्यावेत का? की आम्हीच जामीनदार राहावं? आणि त्यात धोका किती?

आठ हजार देऊ नका. मामाला पुन्हा बोलवा, पण या वेळी सोबत लेखी अर्ज हवा. तुम्ही स्वतः जामीनदार राहू शकता. धोका आहे, पण तो मोजता येतो, पुढे सांगतो. त्याआधी तीन गोष्टींची खात्री करून घ्या. इंदूरला केंद्रीय जेल आणि जिल्हा जेल अशी दोन जेल आहेत, मुलगा नेमका कुठे आहे? त्याच्यावर दुसऱ्या एखाद्या प्रकरणाचं वॉरंट लागलंय का? लागलं असेल तर इथली जमानत भरूनही तो बाहेर येणार नाही, कारण त्या प्रकरणात वेगळा जामीन घ्यावा लागतो. आणि तिसरी गोष्ट, त्याचं वय खरंच २० आहे का? शाळा सोडलेल्या पोरांचं वय ठाण्यात अंदाजाने लिहिलं जातं. शाळेच्या किंवा जन्माच्या दाखल्यावरून घटनेच्या दिवशी तो १८ च्या आत होता असं निघालं, तर सगळं प्रकरणच बाल न्याय मंडळाकडे जातं. हा मुद्दा प्रकरणाच्या कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो.

आता गाडी कुठे अडते ते पाहू. जामिनाचा आदेश म्हणजे सुटकेचा आदेश नव्हे, हे घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही. आदेश झाला की आरोपीने जातमुचलका लिहून द्यायचा, जामीनदाराने त्याच रकमेचा जमानतनामा लिहून द्यायचा, कोर्टाने जामीनदाराची ऐपत तपासायची, मग रिहाईचा आदेश जेलला जायचा. यातला ऐपतीचा टप्पा सोडला तर बाकी सगळं एका दिवसात होण्यासारखं आहे. ज्याच्या बापाच्या नावावर घराची रजिस्ट्री आहे त्याचा मुलगा त्याच संध्याकाळी घरी जेवतो. गुन्हा तोच, कलम तेच, आदेशातली रक्कमही तीच. देशातल्या जेलांमध्ये २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी, म्हणजे कैदी, होते, त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही असे. त्यांच्यात जामीन मंजूर होऊनही आत असलेले लोक असतात. ते कुठल्याही शिक्षेत बसत नाहीत, नुसते अडकलेले असतात.

मध्य प्रदेशात जमानतीचा सगळ्यात चालणारा कागद म्हणजे भू-अधिकार आणि ऋण पुस्तिका, जिला माळव्यात पावती म्हणतात. रीडरच्या, म्हणजे कोर्टातल्या कारकुनाच्या, टेबलावर ती उघडली की आधी पाहतात जमीन कुणाच्या नावावर आहे आणि किती आहे. मग मागची पानं उलटतात. आधी कुठल्या प्रकरणात जमानत दिली असेल तर तिथे प्रकरण क्रमांक, रक्कम आणि कोर्टाचा शिक्का असतो. मामाने चार वर्षांपूर्वी गावातल्या कुणाची जमानत दिली असेल, ते प्रकरण कधीच संपलं असेल आणि नोंद काढून घेतली नसेल, तर पावती ‘भरलेली’ समजतात आणि तिथेच नकार मिळतो. अशी नोंद असेल तर आधी त्या कोर्टात अर्ज देऊन ती काटून घ्या.

मामाने आणायचे कागद असे: मूळ पावती आणि तिच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, खसरा आणि बी-१ या जमिनीच्या उताऱ्यांची ताजी नकल, आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो, चालू मोबाईल नंबर. पावतीवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय ना, ते घरीच पाहा. ‘रामेश्वर’ आणि ‘रामेसर’ एवढ्या फरकावर आख्खा दिवस वाया जातो. जामीन सेशन कोर्टातून किंवा हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठातून झाला असेल तरी जमानत बहुधा खालच्या कोर्टातच भरायची असते, तेव्हा आदेशाची नकल सोबत ठेवा. कोर्टात सकाळीच पोहोचा. जेवणाच्या सुट्टीआधी कागद टेबलावर गेले तर त्याच दिवशी काम होण्याची आशा. मॅजिस्ट्रेट रजेवर असतील तर प्रभारी मॅजिस्ट्रेटकडे जमानत भरता येते, ‘साहेब सोमवारी येतील’ हे उत्तर ऐकून घरी यायचं नाही.

बाहेरच्या जिल्ह्याची पावती चालत नाही असा कुठलाही कायदा नाही. उलट या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल देशभर सांगतात तो मध्य प्रदेशातलाच आहे. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७८. आरोपी गवंडी होता. मॅजिस्ट्रेटने १० हजारांची जमानत मागितली आणि भावाची जमानत नाकारली, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते कडक शब्दांत खोडून काढलं आणि त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. पुढे ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या धोरणाबद्दल जे निर्देश दिले त्यांतही म्हटलंय की स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, आणि अशा प्रकरणांत कोर्टांनी ती अट घालू नये. मग टेबलावर नकार का मिळतो? कारण खरगोनच्या तहसीलमधून तस्दीक (पडताळणी) करून मागवायला वेळ लागतो, आणि उद्या आरोपी पळाला तर वसुलीही तिकडेच करावी लागते. ही सोयीची अडचण आहे, कायद्याची नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा, पुढे कायद्याचं नाव न घेता येणारी कलमं याचीच) कलम ४८५ कोर्टाला जामीनदाराच्या शपथपत्रावरच ऐपत मान्य करायची मोकळीक देतं. म्हणून मामाच्या शपथपत्रासह अर्ज द्यायचा: जामीनदार आरोपीचा सख्खा मामा आहे, मूळ पावती हजर आहे, तरी कलम ४८५ नुसार शपथपत्रावर जमानत स्वीकारावी. शिवाय कलम ४८६ प्रमाणे त्याने आतापर्यंत किती जणांची जमानत दिली आहे हेही लिहून द्यावं लागतं. खरं तेच लिहायचं.

तोंडी नकाराला अपील नसतं. अर्ज दिला की त्यावर आदेश करावा लागतो, आणि लेखी नकार आला की तो घेऊन वर जाता येतं. नुसता अर्ज रेकॉर्डवर आला तरी पुष्कळदा टेबलावरचा सूर बदलतो.

आता त्या आठ हजारांबद्दल. हे लोक पेशेवर जामीनदार आणतात. पावती खोटी असते, किंवा खरी असते पण दुसऱ्याची, फोटो बदललेला. मध्य प्रदेशातल्या कोर्टांत अशा खोट्या ऋण पुस्तिकांवर गुन्हे दाखल झालेले आहेत. पकडलं गेलं की जमानत रद्द होते, मुलगा पुन्हा आत जातो, आणि आता त्याच्या नावावर फसवणुकीचाही संशय चिकटतो. आठ हजार देणारी आई पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसते. नाही पकडलं गेलं तरी दोन-तीन पेशांनंतर (कोर्टाच्या तारखांनंतर) तोच माणूस ‘मी जमानत काढून घेतो’ म्हणून पुन्हा पैसे मागतो. जामीनदाराला कलम ४८९ खाली तसा अर्ज करता येतो, आणि मग कोर्ट आरोपीला वॉरंट काढून बोलावतं. म्हणजे त्या माणसाच्या हाती मुलाची दोरी जन्मभर नाही, पण प्रकरण संपेपर्यंत नक्की.

जामीनदार मिळतच नसेल तर पुढचा रस्ता तारखांचा आहे, तेव्हा आदेशाची तारीख कागदावर मोठी लिहून ठेवा. २०२३ च्या त्याच निर्देशांप्रमाणे जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टाने ईमेलने जेल अधीक्षकांकडे पाठवायची आणि अधीक्षकांनी ती तारीख ई-प्रिझन प्रणालीत नोंदवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी पॅरालीगल स्वयंसेवक किंवा जेलला भेट देणारा वकील पाठवून कारण शोधायचं, गरज पडली तर घरच्या आर्थिक स्थितीचा अहवाल कोर्टात ठेवायचा. ‘आधी सोडा, बाहेर येऊन जामीनदार आणतो’ असं आरोपी म्हणत असेल तर ठराविक मुदतीचा तात्पुरता जामीन देण्याचा विचार कोर्ट करू शकतं. आणि महिना उलटला तरी जमानत भरली गेली नाही, तर कोर्ट आपण होऊन अटी सैल करायचं पाहू शकतं.

तुमच्या प्रकरणात १९ दिवस झाले म्हणजे सात दिवसांचा टप्पा कधीच मागे पडला. कागदी घोडे आपोआप पुढे सरकत नाहीत, त्यांना हाकावं लागतं. उद्या बाईंना घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. साध्या कागदावर, हिंदीतच, कारण इथल्या कोर्टाचं काम हिंदीत चालतं, एवढंच लिहा: बंदीचं नाव, वडिलांचं नाव, जेल, ठाणं आणि अपराध क्रमांक, कोर्टाचं नाव, जामिनाच्या आदेशाची तारीख, रक्कम, ‘जामीनदार नसल्यामुळे आजपर्यंत रिहाई नाही’, आणि खाली आईची सही किंवा अंगठा. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्क्याची प्रत हाच पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा आधार आहे. वकिलाची फी हा प्रश्नच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला, आणि बायकांना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० हा हेल्पलाइन क्रमांकही आहे, पण इंदूरमध्ये असताना फोनपेक्षा शिक्का बरा.

मोफत वकिलाकडून कोर्टात काय मागायचं ते आपल्यालाही माहीत असलेलं बरं, म्हणजे काम अंगावर येत नाही. रक्कम भारी असेल तर कलम ४८४. रक्कम अवाजवी नसावी असं ते सांगतं, आणि सेशन कोर्ट किंवा हायकोर्ट ती कमी करू शकतं. जामीनदाराऐवजी रोख भरायची असेल तर कलम ४९०. मॅजिस्ट्रेटला सांगून २५ हजारांऐवजी पाच किंवा दहा हजार रोख अनामत आणि जातमुचलका एवढ्यावर सोडवणूक होऊ शकते. ही रक्कम प्रकरण संपल्यावर परत मिळते, त्यामुळे आठ हजार खर्चायचेच असतील तर त्यांची जागा इथे आहे, सरकारी पावतीवर. प्रकरण जामीनपात्र कलमाचं असतं, तर अटकेपासून आठवडाभरात जमानत देता न येणारा माणूस निर्धन समजायचा आणि जातमुचलक्यावर सोडायचा, असं कलम ४७८ स्वतःच सांगतं. चोरी साधारणपणे अजामीनपात्र आहे, म्हणून इथे मागणी करावी लागते.

गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारची योजनाही आहे, २०२३ मध्ये आलेली. तिच्या मूळ कार्यपद्धतीत कच्च्या कैद्याच्या जमानतीसाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याचा दंड भरण्यासाठी २५ हजारांपर्यंत तरतूद ठेवली होती. जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, जेलचे अधिकारी आणि जिल्हा न्यायाधीशांनी नेमलेले जेलचे प्रभारी न्यायाधीश यांची समिती निर्णय घेते. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) या कायद्यांखालची प्रकरणं बाहेर ठेवली आहेत. योजना चांगली, पण घोडं अडतं ते एका बारीक ठिकाणी. योजना पैसे देते, आणि आदेशात लिहिलेला असतो ‘सक्षम जामीनदार’. पैशाने जामीनदार विकत घेता येत नाही, निदान कायदेशीरपणे. म्हणून आधी कलम ४९० खाली रोख रकमेचा पर्याय आदेशात घालून घ्यायचा, आणि मगच योजनेचा अर्ज पुढे सरकवायचा. हा क्रम उलटा झाला की समिती विचारते ‘रोख भरायचा आदेश कुठे आहे’, आणि फाईल परत येते.

तुम्ही जामीनदार राहावं का? माझ्या मते, मुलाला आणि आईला काही वर्षांपासून ओळखत असाल आणि इंदूरमध्ये घर असेल तर राहावं. लागेल ते असं: घराची रजिस्ट्री किंवा बँकेतली एफडी, संपत्ती कराची ताजी रसीद, आधार, फोटो. काही कोर्टं सरकारी नोकराची पगारपत्रकावर जमानत घेतात, खासगी नोकरीवर कमी. हमी फक्त एका गोष्टीची असते: तो प्रत्येक पेशीला येईल. तो निर्दोष आहे याची नव्हे, त्याने पुन्हा काही करू नये याचीही नव्हे. तो आला नाही तर मुचलका जप्त होतो, तुम्हाला नोटीस येते, का वसूल करू नये याचं उत्तर द्यायची संधी मिळते (कलम ४९१). कारण पटलं तर कोर्ट रक्कम कमीही करू शकतं. नाहीच भरली तर दंडासारखी वसुली, आणि टोकाला दिवाणी कोठडी सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे तुमचा जास्तीत जास्त धोका आदेशातल्या रकमेएवढा, २५ हजार, तोही नोटिशीकडे दुर्लक्ष केलं नाही तर. घर जप्त होईल ही भीती लोकांना असते, ती या रकमेच्या प्रकरणात वाजवीपेक्षा मोठी आहे. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांनी बोलून ठरवा, एकट्याने परस्पर सही करू नका.

त्याच्यावर दोन-तीन प्रकरणं असतील आणि प्रत्येक ठिकाणी नवा जामीनदार मागत असतील, तर ऑगस्ट २०२४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा गिरीश गांधी निकाल वकिलाला दाखवा. वेगवेगळ्या राज्यांत १३ गुन्हे असलेल्या माणसाला तेच जामीनदार अनेक प्रकरणांत देण्याची मुभा त्यात दिली आहे.

जमानत मंजूर झाली की रिहाईचा आदेश हातात घेऊन किंवा त्याच्याकडे पाहून चार गोष्टी वाचा: मुलाचं नाव, वडिलांचं नाव, अपराध क्रमांक, सगळी कलमं. यातलं एक चुकलं तरी जेलच्या खिडकीवरून ‘दुरुस्त करून आणा’ असं उत्तर येतं, आणि कोर्ट तोवर बंद झालेलं असतं. आदेशात पोटकलम राहिलं म्हणून गाझियाबादच्या जेलमध्ये एक माणूस रिहाईचा आदेश निघाल्यावरही जवळजवळ महिनाभर अडकला होता. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला ५ लाखांची भरपाई द्यायला लावली. भरपाई मिळाली, तो महिना नाही मिळाला. संध्याकाळच्या गिनतीनंतर (कैद्यांच्या मोजणीनंतर) पोहोचलेल्या आदेशावर सुटका बहुधा दुसऱ्या दिवशीच होते, हेही आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती रात्री आठपर्यंत फाटकाशी उभी राहते.

या सगळ्यात एक सल्ला मुलाला आणि आईला नक्की मिळणार आहे, आतल्या लोकांकडून आणि बाहेरच्यांकडूनही: ‘गुन्हा कबूल करून टाक, जेवढं आत राहिलास तेवढ्यावर सुटशील.’ घाईच्या माणसाला हे पटतं. भोगलेले दिवस शिक्षेतून वजा होतात हे खरं आहे, कलम ४६८ तसंच सांगतं. पण चोरीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं सश्रम. आजची कबुली म्हणजे पुढच्या वेळच्या त्या किमान वर्षाचा पाया. शिवाय कलम ४७९ ची पहिल्या वेळच्या आरोपीला मिळणारी सवलत, कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ काढला की जामीन, ती हातची जाते. बाकीच्यांना निम्मा काळ काढावा लागतो, आणि एकाहून जास्त प्रकरणं असतील तर या कलमाचा लाभच नाही. ठाण्यात एकदा नाव निगराणी बदमाशांच्या, म्हणजे पोलिसांच्या नजरेखालच्या लोकांच्या, यादीत गेलं की परिसरात काही झालं तरी पहिली उचलबांगडी त्याचीच.

कबुली खरंच द्यायची असेल, म्हणजे चोरी केली असेल आणि खटला लढण्यात अर्थ नसेल, तरी ती नुसती द्यायची नाही. चोरीच्या मालाची किंमत ५ हजारांपेक्षा कमी असेल, पहिलीच शिक्षा असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर १ जुलै २०२४ पासून कायद्यात समाजसेवेची शिक्षा आहे, जेल नाही. जुना मोबाईल कितीला गेला याचं बिल म्हणूनच महत्त्वाचं. किंमत जास्त असेल तर परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा, १९५८ आहे. कलम ३ खाली ताकीद देऊन, कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. आणि निकालाच्या वेळी तो २१ च्या आत असेल तर कलम ६ प्रमाणे कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि जेलमध्ये पाठवायचंच असेल तर कारण लिहायचं. हा मुलगा २० वर्षांचा आहे. हे कलम त्याला अजून काही महिने लागू आहे, म्हणून वकिलाला आत्ताच सांगा. या कायद्याखाली सुटलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, नोकरीच्या अर्जात त्याचा उपयोग होतो. माझ्या दृष्टीने आपल्या दंडव्यवस्थेतला हा सगळ्यात शहाणा आणि सगळ्यात दुर्लक्षित कायदा आहे. वकील मागत नाहीत, कोर्टं आपण होऊन देत नाहीत, आणि परिवीक्षा अधिकारी हे पद आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं.

दंडाबद्दलही सावध राहा. ‘सहा महिने आणि दोन हजार दंड, न भरल्यास आणखी एक महिना’ असा निकाल लागला, तर भोगलेले दिवस त्या सहा महिन्यांतून वजा होतात, दंडाबदलीच्या महिन्यातून नाही. दोन हजारांसाठी महिनाभर आत राहणारे लोक असतात. दंडाचा काही भाग भरला तर बदलीची कैद त्या प्रमाणात कमी होते, हे निकालाच्या दिवशीच लक्षात ठेवा.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. मुलगा चोरीत नसून ‘शांतता भंगा’त आत असता, तर कोर्ट वेगळं असतं. डिसेंबर २०२१ मध्ये इंदूरला पोलीस आयुक्त पद्धत आली, तेव्हापासून प्रतिबंधक कलमांची बंधपत्रं पोलीस अधिकाऱ्यांपुढेच लिहून द्यावी लागतात. पकडणारं खातं आणि बंधपत्र मागणारं खातं एकच. तिथेही जामीनदाराशिवाय, नुसत्या मुचलक्यावर सोडण्याची मुभा कायद्यात आहे, ती लेखी मागा.

आणखी एक. कुटुंब पारधी, कंजर किंवा अशा एखाद्या विमुक्त जमातीतलं असेल तर जामिनाला विरोध करताना ‘सवयीचा गुन्हेगार’ हा शब्द येतोच. वकिलाने तिथे एकच विचारायचं: किती प्रकरणांत दोषी ठरला, निकालाची नकल दाखवा. दाखल गुन्ह्यांची यादी म्हणजे शिक्षांची यादी नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशासह अनेक राज्यांच्या जेल नियमांतली जातीवर बेतलेली कामाची वाटणी रद्द केली आणि बंद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकानाही काढायला सांगितला. आत त्याला जातीवरून झाडू-संडासाचं काम दिलं जात असेल, तर विधी सेवेच्या वकिलाला भेटीच्या वेळी हे सांगायचं, आणि तोही अर्ज लेखीच.

तो बाहेर आला की काम संपत नाही. ई-कोर्ट ॲपमध्ये प्रकरणाचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक घालून पुढची तारीख पाहा, आणि आईच्या, मुलाच्या, जामीनदाराच्या, तिघांच्याही फोनमध्ये टाका. मुलगा जिथे कामाला असेल तिथला ठेकेदार पेशीच्या दिवशी सुट्टी देत नाही, हे पेशी चुकण्याचं एक नेहमीचं कारण आहे. ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा. पेशी चुकलीच तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी उशिरा का होईना, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलाला घेऊन कोर्टात हजर व्हायचं, दवाखान्याचा किंवा असेल तो कागद लावून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यायचा. आपण होऊन हजर झालेल्याला कोर्टं बहुतेक वेळा थोड्या दंडावर सोडतात. वॉरंटवर पकडून आणलेल्याला तसं सोडत नाहीत, आणि तेव्हा नोटीस जामीनदाराच्या दारात आलेली असते.